अर्ध्या तासाची घंटा

शाळेतली पोरं तिला पाठीमागे ‘तोफ’ म्हणत आणि तोंडावर ‘मावशी’. दोन्ही नावं तिने कमावलेली होती. व्हरांड्याच्या एका टोकाला उभं राहून तिने ‘खाली बस!’ अशी आरोळी ठोकली की दुसऱ्या टोकाच्या वर्गात हुंदडणारं कार्टं मुकाट बाकावर टेकायचं. नवीन आलेले एक मास्तर पहिल्याच दिवशी त्या आवाजाने दचकून स्वतःच खुर्चीत बसले होते, असं सांगतात. ते नाकारतात, पण लाजून नाकारतात.

तिचं काम म्हणजे घंटा देणं, खडू पुरवणं, कुलपं उघडणं-लावणं आणि परीक्षा आली की प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे कार्यालयातून वर्गावर्गात पोचवणं. अशा बाईने कुणाच्या बापाला भिऊ नये. ती भीतही नव्हती. पण त्या गठ्ठ्यांना मात्र भ्यायची. गठ्ठा हातात आला की तिचे हात गार पडत. तो ती अंगापासून लांब धरून न्यायची, तापलेलं पातेलं न्यावं तसा. लोकांना वाटे, काय जपते बाई गुप्तता! मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, एकदा सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं. तिने ते खाली मान घालून ऐकून घेतलं. आता काय सांगणार होती?

त्याच मोठ्या बाईंनी वर्ष सुरू होताना तिला बोलावून घेतलं. त्यांच्या समोरच्या खुर्चीत ती कधी बसत नसे, त्या दिवशी त्यांनी बसवलं. 

“वरून आदेश आलाय,” बाई म्हणाल्या. “दहावी झालेली नसेल त्याला पुढच्या वर्षापासून ठेवता येणार नाही. तुझं एक गणितच राहिलंय ना?”

“हो.”

“मग या वर्षी बस परीक्षेला. सुटलीस तर तुझी घंटा तुझ्याकडे. नाही सुटलीस तर माझ्या हातात काही नाही गं. ते ठेकेदाराची माणसं पाठवणार.”

घरी आल्यावर तिने हे सांगितलं तेव्हा नवरा जेवत होता. तो बेकरीची गाडी चालवतो आणि जगातल्या प्रत्येक अडचणीकडे गाडी पंक्चर झाल्यासारखं बघतो. “एक विषय तर आहे. त्यात काय?” असं म्हणून त्याने भात वाढून घेतला. त्याचं खरंही होतं, पण तिला तो भातासकट उचलून बाहेर ठेवावासा वाटला.

लेक मात्र उठून बसली. ही पोरगी मागच्याच वर्षी दहावी पार करून आलेली, त्यामुळे त्या विषयातली अधिकारी व्यक्ती. ती म्हणाली, “आई, पुस्तक नंतर. आधी जुने पेपर आण. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, आकडे तेवढे बदलतात. एकदा ओळख झाली ना, की भीती जाते.”

जुने पेपर कुठे असतात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? दर परीक्षेनंतर उरलेल्या प्रती सुतळीने बांधून सामानाच्या खोलीतल्या माळ्यावर तीच टाकायची. दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून तिने गठ्ठा खाली ओढला. धूळ झटकली. गाठ तिनेच मारलेली, घट्ट, आणि ती सुटेना. इतकी वर्षं हे कागद तिने बांधले, उचलले, वर फेकले. एकही कधी वाचला नव्हता.

संध्याकाळी लेकीने एक पेपर टेबलावर पसरला. “सोडवू नकोस. नुसता वाच.”

“वाचतेय.”

“डोळे मिटून?”

मग तिने डोळे उघडले. वर ‘वेळ’ आणि ‘गुण’ असं छापलेलं होतं आणि तिची नजर तिथेच अडकली. खालची अक्षरं हलायला लागली. कानात गरम झालं. ती उठली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली.  लेकीने कात्री आणली, ‘वेळ’ आणि ‘गुण’ लिहिलेली वरची पट्टी कापून टाकली आणि उरलेला कागद आईच्या पिशवीत घातला.

या युक्तीने काम चालू झालं. दोन घंटांच्या मधल्या वेळात सामानाच्या खोलीत खडूच्या खोक्यावर बसून ती एक गणित सोडवायची. घंटा द्यायची वेळ झाली की उठायचं, घंटा द्यायची, पोरांवर ओरडायचं, परत येऊन पुढचं गणित. सुरुवातीला लाल पेनाने लेकीने पानं रंगवून टाकली. “पायऱ्या लिही! उत्तर नुसतं फेकू नकोस, भाजीवाली आहेस का?” असं ती आईला म्हणायची, आणि आई, जिच्यापुढे अख्खी शाळा गप्प, ती खाली मान घालून पायऱ्या लिहायची. हळूहळू बरोबरच्या खुणा वाढल्या. बाप-लेकाच्या वयांचं गणित तर तिला आवडायलाच लागलं. बापाचं वय ‘क्ष’ धरलं की पुढचं आपोआप उलगडतं, याचं तिला नवल वाटे.

“सलग सोडवतेस ना?” लेक विचारी. “वेळ लावून, मध्ये न उठता?”

“हो तर,” ती सांगे.

धडधडीत खोटं. एकही पेपर तिने सलग सोडवला नव्हता. तुकडे जोडून ती पूर्ण पेपर झाला असं म्हणायची. तुकडा म्हणजे गणित, आणि गणिताला ती आता भीत नव्हती. सलग म्हणजे परीक्षा.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा एका रविवारी दुपारी लेकीने पेपर न कापता पुढे ठेवला. स्वतः स्टीलची ताटली आणि चमचा घेऊन दाराशी बसली. खऱ्या परीक्षेत दर अर्ध्या तासाला एक टोल पडतो, वेळ किती गेला ते कळावं म्हणून. लेकीला सगळं खऱ्यासारखं हवं होतं. आईने लिहायला घेतलं. बरं चाललं होतं. मग लेकीने ताटलीवर चमचा मारला.

आई उभी राहिली.

“कुठे निघालीस?”

“घंटा झाली ना.”

दोघी हसल्या. नवरा आतून हसला. सवय, दुसरं काय! पण पुन्हा टोल पडला आणि ती पुन्हा उठली. तिसऱ्यांदा लेकीने आधी बजावलं, तरी टोल पडताच तिचे गुडघे सरळ झाले, आणि या वेळी तिने पेपरही उचलला होता. कुणी हसलं नाही. तिच्या कपाळावर घाम होता.

“आई, ही सवय नाही,” लेक म्हणाली. “शाळेत घंटा तू देतेस. घंटा ऐकून उठत नाहीस. तू पळतेयस.”

तेव्हा तिने सांगितलं. नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं ते. सोळाव्या वर्षी, गणिताच्या पेपरला, अक्षरं अशीच हलायला लागली होती. पहिला टोल पडला. त्यानंतर बाहेर जायची मुभा असते. ती उठली, कोरा म्हणावा असा पेपर देऊन निघून आली. घरी म्हणाली, सोपा होता, लवकर झाला. “माझे बाबा निकाल लागेपर्यंत सगळ्यांना सांगत फिरले, आमची पोरगी गणितात हुशार आहे, अर्ध्या तासात पेपर सोडवला. ज्याला त्याला सांगत होते गं.” आणि ती तोंडावर ओढणी घेऊन रडली. नवरा उठून तिच्याजवळ येऊन बसला. पंक्चरचं काही बोलला नाही.

त्यानंतर दोघींनी रोज ताटली वाजवली. कधी ती बसून राही, कधी उठे. नेम नव्हता.

परीक्षेचं केंद्र तिचीच शाळा. घंटा त्या दिवसापुरती शाळेच्या माळीदादांकडे दिलेली. त्यांना तिनेच शिकवलं होतं आणि ते तिच्याहून जास्त घाबरलेले दिसत होते. ती पोरांच्या रांगेतून वर्गात शिरली तेव्हा कुजबुज झाली. “अरे, तोफ!” ती मागच्या बाकावर बसली. बाक लहान, गुडघे वर आलेले. पर्यवेक्षक दुसऱ्या शाळेतून आलेले, सुकलेल्या चेहऱ्याचे गृहस्थ. त्यांच्या लेखी ती एक बैठक क्रमांक होती. तिला पाणी प्यावंसं वाटलं, मग उलटी होईलसं वाटलं, मग दोन्ही एकदम.

पेपर आला. ‘वेळ’. ‘गुण’. अक्षरं हलली. तिने वरच्या पट्टीवर डावा हात आडवा ठेवला आणि ती पट्टी दिसेनाशी केली. खाली गणितं उरली. पहिलं ओळखीचं निघालं. दुसरं सुटलं नाही, सोडून दिलं. तिसरं वयांचं होतं, आणि इथे बाप-लेकाऐवजी चक्क आई आणि मुलगी होती. तिने आईचं वय ‘क्ष’ धरलं. पेन चाललं. दोन पायऱ्या झाल्या.

टोल पडला.

घंटा वर्गाच्या आतून अशी ऐकू येते हे तिला माहीतच नव्हतं. पोटात शिरत होती. तिचे गुडघे सरळ झाले, बाक करकरला, आणि ती उभी होती. हातात उत्तरपत्रिका. सगळ्या माना वळल्या.

“झालं?” पर्यवेक्षकांनी विचारलं. त्यांनी जवळ येऊन हात पुढे केला. चांगला माणूस होता, मदतच करत होता. “द्या. जाऊ शकता तुम्ही.”

तो हात तिने याआधी एकदा पाहिला होता. त्या हातात कागद ठेवला की सगळं थांबतं. छातीतली धडधड थांबते, हवा मोकळी होते, दाराबाहेर ऊन असतं. किती सोपं होतं! तिचा हात पुढे व्हायलाही लागला होता. घंटा गेली, नोकरी गेली, तरी त्या क्षणी तिला चाललं असतं. इथून सुटका हवी होती. आणि घरी दाराशी लेक बसलेली असणार. तिला काय सांगायचं? सोपा होता?

“खाली बस!”

भिंती हादरल्या. पुरवणी घ्यायला अर्धवट उठलेली दोन पोरं धप्पकन बसली. पुढच्या बाकावरची, आधीच बसलेली मुलगी आणखी ताठ बसली. पर्यवेक्षकांनी हात मागे घेतला आणि भिंतीशी ठेवलेल्या स्वतःच्या खुर्चीकडे बघितलं. आवाज कुणाचा, हे तिला सगळ्यांच्या नंतर कळलं. तोवर ती खाली बसलेली होती.

“माफ करा,” ती पुटपुटली. “मला म्हणाले मी.”

तिने दोन्ही पाय बाकाच्या दांडीत अडकवले आणि आईच्या वयाकडे परत गेली. भीती गेली नव्हती. पुढचा प्रत्येक टोल पोटात शिरत राहिला, अक्षरं अधूनमधून हलत राहिली, एक प्रमेय अर्धंच राहिलं. शेवटची लांब घंटा झाली, पोरं उठली, तरी ती बसलेलीच. पर्यवेक्षकांना कागद तिच्या बोटांतून हळूच सोडवून घ्यावा लागला.

ती सुटली. काठावर सुटली, पण काठावरचंही पलीकडेच असतं. त्या दिवशी नवऱ्याने ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना, पाव देता देता, बायको गणितात पास झाल्याचं सांगितलं. तिने त्याला अडवलं नाही. या वेळी ते खरं होतं.

पुढच्या वर्षी परीक्षेचे गठ्ठे पुन्हा तिच्या हातात आले. हात अजूनही गार पडतात. पण आता पहिला टोल द्यायच्या आधी ती हातोडी घेऊन व्हरांड्यातून एक फेरी मारते. प्रत्येक वर्गाच्या दारात क्षणभर थांबते, कुणाचं पेन थांबलंय, कुणाची नजर दाराकडे आहे ते बघते. आणि तिला येईल तेवढ्या हळू आवाजात सांगते, “आता वाजेल ती नुसती अर्ध्या तासाची घंटा आहे. कुणी उठायचं नाही.”