चिखलदऱ्याच्या धुक्यात हळदीचा वास

या ग्रुपवरचे अनुभव मी बरेच दिवस नुसतेच वाचत होते. खरं सांगायचं तर वाचून हसतही होते. आमचं घर बौद्ध. भूत, भानामती, उतारा, अंगात येणं... यातलं काहीही आपल्या उंबऱ्याच्या आत येणार नाही, हे बाबांनी लहानपणीच बजावलेलं. त्यात मी हिंगोलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. रिपोर्टमध्ये दिसतं तेवढंच खरं मानायची सवय. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं ते घडलं.

आम्ही मूळचे कुरुंद्याचे. तिकडे हळद भरपूर. बाबांची जमीन थोडीच होती, पण हळद शिजवण्यात त्यांचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. आता बॉयलर आलेत. तेव्हा मोठ्या कढईत शिजवायचे, वरून हळदीचाच पाला आणि ओली पोती झाकायची. बाबा पोतं न उचलता, नुसत्या वासावरून सांगायचे, "झाली. उतरवा." माय शेजारी बसून जाळ सारायची. तो वास एकदा नाकात बसला की बसला. मातीचा, गोडसर, घशाला जरासा लागणारा. दुसऱ्या कशाशी त्याची गल्लत होत नाही.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. माय गेल्या दोन वर्षांपासून विसरत चाललीय. आधी गॅस बंद करायला विसरायची, मग घराचा रस्ता, मग माणसं. ती माझ्याकडे हिंगोलीत असते, पण जवळजवळ वर्षभर तिनं मला नावानं हाक मारली नव्हती. "ओ बाई, पाणी द्या जरा," असं म्हणायची. पोटच्या पोरीला ओ बाई! रात्रीची दोनदोनदा उठायची, दार उघडायची. माझी नोकरी, नवऱ्याची फिरतीची ड्युटी, आर्याची शाळा... मी थकले होते. खोटं कशाला बोलू.

माझा धाकटा भाऊ मिलिंद नांदेडला असतो. त्यानं तिथलं एक केअर सेंटर पाहून ठेवलं होतं. फॉर्मही आणला होता. "सुजाताताई, तू एकटी किती करशील?" म्हणाला. मी नाही म्हटलं नाही. फक्त म्हटलं, त्याआधी मायला एकदा कुठंतरी थंड, शांत ठिकाणी नेऊन आणू. आयुष्यात ती फिरायला अशी कुठं गेलीच नव्हती.

तर ऑगस्टमधल्या एका शनिवारी आम्ही निघालो. मिलिंद, मी, माय आणि माझी नऊ वर्षांची आर्या. मिलिंदचीच गाडी. हिंगोलीहून वाशीम, अकोला, परतवाडा, आणि मग घाट. घाटात ढग गाडीच्या काचेला घासत होते. आर्या ओरडत होती, "आजी, ढग बघ!" माय काच खाली करून हात बाहेर काढून बसली होती... लहान लेकरासारखी. मला वाटलं, आणलं ते बरं केलं. आणि लगेच डिकीतल्या बॅगेतला तो फॉर्म आठवला.

लॉज गावापासून थोडा बाहेर होता. चार खोल्या, पुढे व्हरांडा, समोर अंगण. अंगणाच्या फाटकातून बाहेर पडलं की रस्त्याला दोन फाटे फुटतात. डावा बाजाराकडे, उजवी पायवाट गवतातून दरीकडे. मॅनेजर काकांनी आल्या आल्या सांगितलं होतं, "धुकं असलं की उजवीकडे जायचं नाही. कठडा नाही तिकडे."

रविवारी सकाळी साडेसात वाजता मी मायला स्वेटर घालून व्हरांड्यातल्या खुर्चीत बसवलं. हातात चहाचा कप दिला. तेवढ्यात लॅबमधून फोन आला. मी बोलत बोलत आत गेले. दहा मिनिटं... फार तर बारा. बाहेर आले तर खुर्ची रिकामी. कप खाली नीट ठेवलेला. फाटक उघडं. आणि समोर नुसतं पांढरं. फाटकाच्या पलीकडचं झाडसुद्धा दिसत नव्हतं.

मी ओरडून मिलिंदला आणि मॅनेजर काकांना बोलावलं.

मिलिंद गाडी घेऊन बाजाराच्या रस्त्याला लागला. माय रस्ता धरूनच जाते, हा आमचा अनुभव. मॅनेजर काका लॉजच्या मागच्या बाजूला पळाले. आर्याला स्वयंपाकवाल्या मावशींकडे सोडून मी फाट्यापर्यंत धावले. "माय! ए माय!" धुक्यात आवाज पुढं जातच नव्हता, तोंडापाशीच विरत होता. उजवीकडे जायची माझी हिंमत होईना. दोन मिनिटं मी तिथं नुसती उभी होते. मग मिलिंदच्या मागं डावीकडे जायला वळले...

आणि तो वास आला.

शिजत्या हळदीचा. अगदी कढई उतरायला आल्यासारखा, दाट. आधी वाटलं, कुठं भाजी शिजत असेल. पण फोडणीतली हळद वेगळी आणि कढईतली वेगळी. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. वास उजवीकडून येत होता. मी त्या बाजूला चार पावलं टाकली. वास वाढला. पायवाट सोडून जरा डावीकडे सरकले तर एकदम नाहीसा. मागं आले, पुन्हा आला. अशी मी नाकाच्या भरवशावर चालत राहिले. पायाखालचं गवत तेवढं दिसत होतं. किती चालले ते सांगता येणार नाही. भीती मात्र कधीतरी गेली होती, हे नक्की आठवतं.

"हळू ये. तिकडून नको, तिकडं उतार हाय."

मायचा आवाज! मी जागच्या जागी थिजले. धुकं जरा हललं आणि ती दिसली. उकिडवी बसलेली, दोन्ही तळवे पुढं धरून, शेकोटीपाशी बसतात तशी. तिच्यापुढं दोन हात जमीन होती. त्यापुढं काहीच नव्हतं. आणि मी जिथं पाय टाकणार होते तिथं गवताखालची माती खचून खाली गेलेली. ती बोलली नसती तर...

मी वळसा घालून तिच्यामागं गेले आणि तिला कंबरेपाशी गच्च धरलं.

"काहून रडून राहिली, सुजे?" ती म्हणाली.

सुजे. अकरा महिन्यांनी.

"माय, इथं कशाला आलीस गं?"

"कढई कुठं हाय ते पाहायला. तुहा बाप म्हणला, पुढं येऊ नको, इथंच बस. पोरगी येऊन राहिली तुला न्यायला." तिनं असं सांगितलं, जसं शेजारी चहा पिऊन आल्याचं सांगावं. "मंग बसले."

मी तिचे हात हातात घेतले. माझे कपडे धुक्यानं चिंब झाले होते, केसांतून पाणी गळत होतं. तिचे तळवे गरम होते. ताप असल्यासारखे नाही, जाळापाशी बसून उठल्यावर असतात तसे. स्वेटर कोरडा. पदर कोरडा. मी दोनदा चाचपून पाहिला.

फाट्यापर्यंत आम्ही हात धरून आलो. वास तोवर गेला होता. फाटकापाशी मिलिंदची गाडी येऊन थांबली. तो उतरला, मायला पाहून तिच्या पायाशीच बसला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, आणि मी तोवर त्याला एक शब्दही सांगितला नव्हता, हे लक्षात घ्या...

"ताई, इथं कोणी हळद शिजवून राहिलंय का?"

बाजाराच्या अलीकडे, गाडीची काच खाली करून तो मायला हाका मारत होता, तेव्हा त्याला तो वास आला. त्याला वाटलं, बाबा बोलावतायत. म्हणून त्यानं गाडी वळवली. आमच्या दोघांमध्ये तेव्हा किलोमीटरभर तरी अंतर असेल.

मॅनेजर काकांना विचारलं. ते बुचकळ्यात पडले. "हळद? आमच्या इकडे कुठली हळद, ताई? इकडे कॉफी होते. अन् हळद शिजवायचा हंगाम तरी आहे का हा?" खरंच होतं. हळद शिजते उन्हाळ्याच्या तोंडाला. काकांना, मावशींना, आर्याला कोणालाच कसलाही वास आला नव्हता.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माय आमची माय होती. परतीच्या वाटेवर तिनं मिलिंदला विचारलं, "जेवतो का बराबर? वाळला लई." अकोल्याच्या अलीकडे मिलिंदनं गाडी कडेला घेतली, डिकी उघडून तो फॉर्म काढला, फाडला आणि पुन्हा येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा 'ओ बाई' झाले होते. हे लपवायचं नाही मला. आजार गेलेला नाही. पण आता दिवसा एक ताई मायजवळ असतात, दाराला वरची कडी लावलीय, आणि मिलिंद दर शनिवारी नांदेडहून येतो. शनिवारची रात्र तो जागतो, मी झोपते. एवढ्यानंसुद्धा केवढा फरक पडतो! हे आम्हाला आधी का सुचलं नाही, त्याचंच आता नवल वाटतं.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, वास आणि जुन्या आठवणी मेंदूत जवळजवळ असतात, टेन्शनमध्ये असे भास होतात. मान्य. पण दोघांना, एकाच वेळी, किलोमीटरभर अंतरावर? आणि कोरडा पदर? बाबा असते तर त्यांनीही हे मानलं नसतं, मलाच चार प्रश्न विचारले असते. मी रोज विचारते स्वतःला. कोणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा.

अजून एक गोष्ट आहे. सकाळी काय खाल्लं ते मायला दुपारी आठवत नाही, पण चिखलदरा आठवतं. नाव नाही येत. "ते ढगाचं गाव" म्हणते. "कवा जायचं?" मिलिंदनं पुढच्या महिन्याचं बुकिंग केलंय, यावेळी गावातल्या लॉजवर. मी तिला सांगितलं, शनिवारी जायचं. ती टाळ्या पिटून हसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. आता मी रोज सांगते, आणि ती रोज नव्यानं खूश होते.