पदराच्या गाठी

इंग्रजी अमलात मी अकोल्याच्या एका दवाखान्यात सुइणींना शिकवायची. त्यांतली एक, मी बोलत असताना ओठ हलवायची आणि पदराला गाठी मारायची. ही मंत्रतंत्र करते, असा मला दाट संशय. बाळंतिणीला मी तिचा हातही लावू देत नसे. शेवटी एकदा पदर धरूनच विचारलं, "हे काय चाललंय?"

"तुमी चार गोष्टी संगच सांगता, बाई. चवथी आयकली का पयली जाते. गाठ मारली का रायते."

विश्वास बसेना. एकेक गाठ दाखवून विचारलं. तिनं चारही कामं क्रमानं सांगितली. दुसऱ्या दिवसापासून मी एका वेळी एकच गोष्ट शिकवू लागले.

त्याआधी दोघींना मठ्ठ म्हणून मी घरी पाठवलं होतं. त्यांची गावंही मला आठवेनात.