मुहूर्ताचं पॅलेट

लातूरच्या एमआयडीसीत सिद्रामप्पांचा पॅलेटचा कारखाना आहे. परदेशी जाणारी डाळ या लाकडी पॅलेटांवर रचतात. लाकडातली कीड मेल्याची खात्री नसेल तर पलीकडचं बंदर माल उतरवून घेत नाही. म्हणून पॅलेटं भट्टीत तापवायची, लाकडाच्या गाभ्यात छप्पन अंश ताप अर्धा तास टिकवायचा आणि मगच शिक्का मारायचा. हे काम गुरुपादप्पाचं. शिक्क्याच्या कपाटाची चावी त्याच्या करदोट्याला असे.

सोमवारी नव्या भट्टीची पूजा झाली. सिद्रामप्पांनी नारळ फोडला आणि उत्साहाच्या भरात मुहूर्ताचा शिक्का एका न तापवलेल्या, कच्च्याच पॅलेटवर उठवला. गुरुपादप्पा कचरला, पण चारचौघांत मालकांना अडवणं त्याच्या जिवावर आलं. पॅलेटला कुंकू लागलंय, ओळखू येईल, असं म्हणून त्यानं ते कोपऱ्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी हमाल संघपालनं ट्रक भरल्यावर गुरुपादप्पानं पाहिलं, तर कोपरा रिकामा.

"संघपाल, इथलं पॅलेट कुठाय?"

"चढवलं की काका. शिक्का होता त्याच्यावर. कुंकू तेवढं पुसलं, फारिनला डाग कशाला?"

गुरुपादप्पा ट्रककडे धावला. सगळी पॅलेटं एकाच लाकडाची, एकाच शिक्क्याची. त्यांत एक कच्चं. एक भुंगा जिवंत निघाला तर कंटेनर परत येणार आणि सरकार कारखान्याचा शिक्का काढून घेणार. शिक्का गेला की भट्टी बंद, संघपालसकट सगळे घरी.

"ट्रक खाली करा," तो म्हणाला. "सगळी परत तापवायची."

सिद्रामप्पा ऑफिसातून धावत आले. "येडा झालास का गुरुपाद? डाळमिलवाला बोंबलायलाय तिकडं! एका पॅलेटनं काय होतंय?"

"आप्पा, मी दाखल्यावर सही करणार न्हाई."

"म्हंजे माझ्या हातचा मुहूर्त खोटा?"

"मुहूर्त खरा हाय. लाकूड कच्चं हाय. त्या दिवशीच बोलाय पाहिजे होतं, चुकलं माझं."

"लई शहाणा झालास. चावी ठेव आन् घरी जा."

चावी न काढता गुरुपादप्पा ट्रककडे वळला. संघपालनं फाळका पाडला. पॅलेटं परत भट्टीत गेली. सगळ्यांत जाड लाकडाला भोक पाडून गुरुपादप्पानं तापमापकाची तार आत सरकवली, दार लावलं. सिद्रामप्पा दारात हात पुढे करून उभेच होते.

"चावी."

"देतो आप्पा," काट्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "ताप अर्धा तास टिकू द्या. सही करतो, मग देतो."