चार ओळींची सवत

निवृत्तीनंतर लोक भाषा शिकतात. आमच्या ह्यांनी ठेवली.

साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये ह्यांनी आयुष्यभर लोकांना भूल दिली. रात्रीअपरात्री फोन यायचा, अर्धं ताट टाकून जायचे. मी मनाशी म्हणायचे, एकदा हे सुटले की संध्याकाळी बंदरावर जाऊ, मोठमोठ्या बोटी बघत निवांत बोलू. सुटले, आणि लगेच एका ऑनलाइन कोर्सला बसले. विषय, प्राचीन इटलीतल्या भाषा. तिथे ही भेटली. व्होल्शियन. रोमच्या दक्षिणेला कधीकाळी बोलायचे म्हणे, मग लॅटिनने तिला गिळलं. मागे उरलं काय, तर काशाचा एक छोटा पत्रा आणि त्यावर चार ओळी. बाकी सगळं किरकोळ.

चार ओळींत माणसाने किती गुंतावं? रोज सकाळी चहाबरोबर त्या मोठ्याने म्हणायच्या. एकेका शब्दावरून परदेशातल्या प्राध्यापकांशी ईमेलवर भांडायचं. कुणी एक अक्षर इकडचं तिकडे केलं की ह्यांचा चहा गार.

"अगं, एवढंच उरलंय तिचं. त्यात आपण हात घालायचा नाही."

'तिचं' म्हणताना आवाज असा हळवा व्हायचा की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मैत्रीण म्हणाली, "बरं आहे ना, बिझी राहतात. आमचे दिवसभर टीव्हीसमोर असतात." तिला काय सांगणार? टीव्हीवर कोण जळतं? मी जळत होते, अगदी सरळ सरळ जळत होते, आणि तेही जिचं शेवटचं माणूस मरून दोन हजार वर्षं झाली तिच्यावर.

एकदा विचारलं, "लिहिलंय तरी काय त्यात?"

"देवीचं काहीतरी. कुणी काही उचललं तर बैल द्यायचा, वाइन द्यायची. नक्की सांगता येत नाही. शेवटी दोन अधिकाऱ्यांची नावं आहेत. त्यांनी तो पत्रा बसवला."

म्हणजे परक्या देशातल्या दोन सरकारी माणसांची नावं रोज ह्यांच्या तोंडी, आणि मी आपली 'अगं'. लग्नात उखाणा घ्यायला लावला तेव्हा हे घशातल्या घशात पुटपुटले होते. माझं नाव ना मला ऐकू आलं, ना माझ्या आईला. मी मात्र दर संक्रांतीला ह्यांचं नाव खणखणीत घेत आले.

गेल्या संक्रांतीला मंडळाचं हळदीकुंकू चर्चच्या हॉलमध्ये होतं. कमिटीवर सगळी तरुण मंडळी. त्यांनी ठरवलं, लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या जोडप्यांना स्टेजवर बोलवायचं आणि दोघांनीही उखाणा घ्यायचा.

"काका, आज नो एस्केप! काकूंचं नाव प्रॉपर घ्यायचं, माइकवर."

माझा उखाणा झाला. मग ह्यांनी माइक घेतला, घसा साफ केला आणि सुरू झाले. पहिल्या शब्दालाच मी ओळखलं. तीच. तिलाच आणलं होतं, माझ्या हळदीकुंकवाला!

पुढच्या रांगेतल्या आजींनी हात जोडले. त्यांच्या शेजारच्या बाईंनी डोक्यावर पदर घेतला. सगळ्यांना वाटलं, कुठला तरी वेदातला मंत्र. मी तिळगुळाच्या डब्याकडे वळले, उगाच झाकण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग टाळ्या.

गाडीत बसल्यावर मी सुटले. "चाळीस वर्षांनी एकदा बायकोचं नाव घ्यायची वेळ आली, तर तिथेही तिचीच आरती!"

सिग्नल लाल होता. हे समोर बघत म्हणाले, "घेतलं की नाव."

"कुठे?"

"शेवटच्या ओळीत. त्या दोघांची नावं काढली आणि तुझं-माझं घातलं. छान बसलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू ऐकलं नाहीस?"

मागच्या गाडीने हॉर्न दिला. सिग्नल कधीच हिरवा झाला होता.

"परत म्हणा," मी म्हणाले.

"छे. अशी चूक एकदाच करायची असते. एवढंच उरलंय गं तिचं."

दुसऱ्या दिवशी मी कमिटीतल्या मुलीकडून व्हिडिओ मागवला. तिसरी ओळ संपतानाच लोकांनी टाळ्या सुरू केल्या होत्या. पुढे नुसते ह्यांचे ओठ हलताना दिसतात. मी फोन कानाला लावून ऐकलं, हेडफोन घालून ऐकलं. टाळ्याच.

हे अजूनही सकाळी त्या ओळी म्हणतात. पूर्वी मी मुद्दाम मिक्सर लावायचे. आता चालू असला तरी बंद करते आणि शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत उभी राहते. रोज ते दोन अधिकारीच येतात.