कोटातले लाडू आणि एक जागा

"सिक्स्टी," सिस्टर म्हणायच्या आणि पोट आत ओढून समोरच्या डोंगराकडे बघायच्या.

न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला तेव्हा, नव्वदच्या दशकात, इवल्याशा विमानात चढण्याआधी वैमानिक प्रत्येकाला वजन विचारायचा. सामान मात्र काट्यावर जायचं. सिस्टर आमच्या दवाखान्यातल्या नर्स, मूळच्या मिरजेच्या. खाडीपलीकडच्या गावातल्या मराठी डॉक्टरांच्या मुलांसाठी त्या लाडू, चकल्या, लोणचं न्यायच्या, तेही कोटाच्या खिशांतून. "अंगावरचं कोण मोजतंय?"

तुम्हीही मुंबईहून निघताना दोन स्वेटर चढवून काउंटरपुढे उभे राहिला असाल, तर हसू नका.

मी दवाखान्याची व्हॅन चालवायचो आणि दवाखान्यांचे पैसे कापणाऱ्यांविरुद्ध पत्रकं वाटायचो. म्हणून सिस्टर मला 'पुढारी' म्हणायच्या. पलीकडच्या गावी विमान चहा निवायच्या आत पोचायचं. रस्ता मात्र खाडीला वळसे घालत अर्धा दिवस खायचा. आठवड्यातून एकदा सिस्टर तिकडच्या लहान इस्पितळात जात. मी त्यांना विमानापर्यंत सोडायचो.

एकदा गावातल्या एका म्हाताऱ्याला छातीच्या दुखण्यानं तिकडे हलवायचं होतं. त्याची बायको, जिला सगळं गाव आंटी म्हणे, त्याचा हात धरून विमानाच्या दाराशी उभी होती. वैमानिकानं हिशेब केला. मग सिस्टरांकडे न बघता हळूच म्हणाला, "तुमचं वजन खरंच साठ असेल, तर आंटी मावतील. साठच ना?"

सिस्टर कोटाचे खिसे चाचपू लागल्या.

"हरकत नाही, मी रस्त्यानं येईन," आंटी म्हणाली आणि नवऱ्याच्या बोटांतून आपली बोटं सोडवू लागली.

मी भडकलो. माणसांना विमान पुरत नाही, हे कसलं राज्य, वगैरे सुरू केलं.

"गप रे पुढाऱ्या," सिस्टर म्हणाल्या. "राज्याचं नंतर बघ." मग वैमानिकाला इंग्रजीत सांगितलं, "एटी-टू. कोटाशिवाय." मान खाली घालून त्या बाजूला झाल्या. "आंटीला बसव. मी नाही येत."

विमान उडालं तेव्हा आंटीनं काचेला तळवा टेकवला होता. सिस्टरांनी वर पाहिलंच नाही.

मी त्यांना व्हॅननं रस्त्यानंच तिकडे नेलं. बऱ्याच वळणांनंतर त्या बोलल्या, "तो दर वेळी मनातल्या मनात माझ्या साठात वीस-बावीस मिळवत असणार रे. माझी लाज राखायला. आणि मला वाटायचं, फसला."

"पण आज तुम्ही खरं बोललात, सिस्टर."

"तिनं हात सोडवायला घेतल्यावर बोलले. आधी नाही."

म्हातारा परत आला नाही. काही दिवसांनी आंटी एकटीच दवाखान्यात आली, कागदात गुंडाळलेला धुरी दिलेला मासा घेऊन. "तुमच्या नर्समुळे शेवटपर्यंत त्याच्याजवळ होते," ती म्हणाली. "तिला भेटायचंय."

मी ड्रेसिंगच्या खोलीत गेलो. सिस्टर बेसिनपाशी उभ्या होत्या.

"नाही म्हणून सांग."

"अहो, ती आभार मानायला आलीय."

"म्हणूनच."

मी बाहेर येऊन मासा घेतला आणि सिस्टर बाहेर गेल्यात असं सांगितलं. आंटीनं माझ्या खांद्यावरून बंद दाराकडे पाहिलं. आत नळ वाहत होता. ती बाकावर बसली आणि बराच वेळ तशीच थांबली.

नळ काही बंद झाला नाही.