कासारमावशीची पकड

हिंगणघाटात घरोघरी बांगड्या भरणारी एक कासारीण होती. आम्ही तिला मावशी म्हणायचो. बांगडी चढवताना ती आमचा हात कणकेसारखा मळायची आणि गिरणीच्या हुतूतू संघातल्या कोणत्या गड्याची गावाला कदर नाही, यावर वाद घालायची. हात तिच्या ताब्यात, उठून जाणार कुठे?

गाव चढाई करणाऱ्या कुरळ्या केसांच्या गड्यावर खूश होतं. मी तर जास्तच. तो केस झटकायचा आणि इकडे माझी पोळी जळायची. अशात स्थळ आलं ते त्याच संघात कोपऱ्यात उभं राहून पाय धरणाऱ्या मुखदुर्बळ गड्याचं. मी दोन दिवस जेवले नाही. म्हणजे, सगळ्यांदेखत जेवले नाही.

मावशी बांगड्या घेऊन आली. "काऊन रडून राह्यली वो पोरी?"

"त्याच्यासाठी एक टाळी तरी पडते का, मावशी?"

"टाळ्या त्या कुरळ्याले. पण समोरच्याले आडवा कोन पाडते?" बोलता बोलता तिने भरल्या बांगड्यांसकट माझं मनगट धरलं. "सोडव."

मी भिंतीला पाय लावून ओढलं. हात सुटला नाही आणि एकही बांगडी पिचली नाही.

"अशी पकड हाये त्याची. सुटत नाई, लागतबी नाई."

आता बांगड्या डब्यातून मिळतात, हात कोणी धरत नाही. मावशीची आठवण हिवाळ्यात फार येते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांच्या हातातलं पांघरूण मला अजून एकदाही सोडवता आलेलं नाही.