रॉ काढण्याजोगी माणसं

माझ्या मेहुणीच्या सासऱ्यांइतका विचार करून कॅमेऱ्याचं बटण दाबणारा माणूस अख्ख्या मुंबईत दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याचाही अजून विचार चालू असेल. तात्या, म्हणजे हेच सासरे, फोटो काढण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारतात आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत ताटातलं अन्न निवतं, बाळ रडून झोपी जातं, नवरदेवाचे हसून हसून गाल दुखायला लागतात. प्रश्न कायम तोच: हा फोटो रॉ काढायचा की जेपेग? निर्णय झाला की तो मोठ्याने जाहीर होतो. "जेपेग!" म्हणाले की काम झटपट उरकतं. "रॉ!" म्हणाले की लालबागच्या त्यांच्या चाळीतला अख्खा मजला गॅलरीत येऊन बघतो, एवढा मान मिळाला तरी कोणाला.

ज्यांना हे शब्द परके आहेत त्यांच्यासाठी तात्यांचाच खुलासा देतो. त्यांची उमेदीची वर्षं गिरणीच्या रंगखात्यात कापडाच्या छटा जुळवण्यात गेली. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पाहुणे, रॉ म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं कापड. कॅमेऱ्याने पाहिलं ते सगळं त्यात आहे, पण रंग चढवायचा राहिलाय. तो आपण घरी बसून चढवायचा. जेपेग म्हणजे रंगवून, इस्त्री करून, घडी घालून आलेलं. ते कॅमेरा स्वतःच्या मर्जीने रंगवतो. जमलं तर झकास. बिघडलं, तर वर दुसरा रंग चढवायला जाल आणि डाग पाडून ठेवाल." मी म्हटलं, मग सगळंच रॉ का काढत नाही? यावर त्यांनी माझ्याकडे गिरणीत कालच लागलेल्या कामगाराकडे बघावं तसं पाहिलं. मुलाने दिलेला त्यांचा कॉम्प्युटर इतका थकलेला आहे, की एक रॉ उघडेपर्यंत एक चहा पिऊन होतो, आणि त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकींनी, दिवसाला तीनच चहा मंजूर केलेले आहेत. म्हणून तात्यांना निवड करावी लागते.

मी दादरचा, जन्मभर बँकेत घासलेला माणूस. कुठल्याही गोष्टीमागचा नियम कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. तात्या रॉ नेमका कधी काढतात, हे शोधून काढायचा मी चंगच बांधला. पहिला तर्क असा, की हे माणसाच्या मानावर असणार. तो एका हळदीतच निकालात निघाला. नवरदेवाची जेपेगवर बोळवण करून तात्या बाहेर पडले आणि मिरची कांडपाच्या दुकानासमोर मिरच्यांचे ढीग बघून त्यांनी ओळीने चार रॉ काढले. नवरदेवाच्या वडिलांच्या कानावर हे गेलं. ते तरातरा आले. "आमच्या झिलाक जेपेग आणि मिरशेक रॉ?" तात्या शांतपणे म्हणाले, "तिथे तीन लाल होते. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी. जेपेग तिन्हींचं एकच पोतेरं करतं. तुमच्या मुलाच्या तोंडावर एकच रंग होता, तोही घाबरल्याचा." त्या घराने सहा महिने तात्यांशी अबोला धरला.

दुसरा तर्क प्रेमाचा. तोही फसला, कारण लाडक्या नातवाचे ढीगभर फोटो आहेत आणि सगळे जेपेग. "तो काय, उद्या परत हसणारच आहे," असं तात्या म्हणतात. माझाही रॉ त्यांनी कधी काढला नाही. एकदा लाजलज्जा गुंडाळून मी कारण विचारलं, तर म्हणाले, "तुमचा चेहरा सोपा आहे हो." हे मला अजून पचलेलं नाही. पण त्याच दिवशी, माझं पडलेलं तोंड बघून असेल, त्यांनी नियम सांगून टाकला. "जिथं चूक झाली तर परत काढता येतो, तिथं जेपेग. जिथं चुकायची भीती वाटते, तिथं रॉ."

हा नियम मला कळला, पण चाळीला माहीत नव्हता, आणि तिथेच घोटाळा झाला. त्या चाळीत कुणी गेलं, की हार घालायला त्या माणसाचा एकट्याचा फोटो म्हणून सापडत नाही. मग कुठल्यातरी लग्नाच्या घोळक्यातून तेवढंच डोकं कापून मोठं करतात. दुसऱ्या मजल्यावर एका आजोबांच्या हार घातलेल्या फोटोत त्यांच्या खांद्यावर अजून कुणाचा तरी हात आहे. कुणाचा, ते घरातल्यांनाही आठवत नाही. तात्यांना ते बघवत नसे. एका गणपतीत त्यांनी चाळीतल्या दोन म्हाताऱ्यांचे रॉ काढले. पांढरं डोकं, सावळा चेहरा, त्यावर अर्धंच ऊन, म्हणजे चुकायची पुरेपूर भीती. दुर्दैव असं, की त्यातले एक दसऱ्याआधी गेले आणि दुसरे दिवाळीआधी. भिंतीवर त्यांचे फोटो इतके जिवंत दिसले, की सांत्वनाला आलेली माणसं रडायचं विसरून बघत बसली. झालं! तात्यांनी रॉ काढलो की माणूस फ्रेमीत, असं चाळीत पक्कं झालं. मग तात्या कॅमेरा घेऊन निघाले, की साठीच्या पुढचं कुणी गॅलरीत दिसेना. एक आजी खोलीतूनच ओरडल्या, "माका जेपेगच काढ हां!" खोटं कशाला सांगू, सोप्या चेहऱ्याबद्दल मीसुद्धा त्या दिवशी पहिल्यांदा देवाचे आभार मानले.

मात्र काकींनीही हे मनावर घेतलं, आणि तात्यांची खरी पंचाईत झाली. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात काकींचा एकही धड फोटो नाही. लग्नाच्या फोटोत मान खाली. पुढच्या सगळ्या फोटोंत त्या वाढताहेत, नाहीतर कुणाच्या तरी मागे अर्ध्या उभ्या आहेत. तात्यांना त्यांचा एकच फोटो हवा होता, तोही त्यांच्याच गॅलरीतल्या एका विशिष्ट उन्हात. ती गॅलरी पूर्वेची, दुपारनंतर काळोखी. पण समोर, जिथे तात्यांची गिरणी होती, तिथे आता काचेचा टॉवर उभा आहे. साडेचारच्या सुमाराला पश्चिमेचं ऊन त्या काचांवर आपटून उलटं या गॅलरीत येतं, आणि पंधरावीस मिनिटं सगळं मधाच्या रंगाचं होतं. "बापजन्मात इथं असं ऊन नव्हतं," तात्या सांगत. "गिरणी गेली, पण तिच्या जागेवरून एवढं तरी येतंय." तेही फार दिवसांचं नव्हतं. मध्ये दुसरा टॉवर चढत होता आणि त्याचा एकेक मजला उन्हाचा एकेक तुकडा गिळत होता.

रोज साडेचारला तात्या गॅलरीत खुर्ची मांडत आणि काकींना हाक मारत. आतून उत्तर येई, "खुर्चेचो काढा! माका इतक्यात भिंतीर जावचा नाय." तात्या निमूटपणे खुर्चीचा फोटो काढत. अर्थात जेपेग. रिकाम्या खुर्चीचे असे पन्नास तरी फोटो मी पाहिलेत, आणि प्रत्येकात ऊन थोडं कमी आहे. मला राहवेना. मी सुचवलं, "तात्या, तोंडाने जेपेग म्हणा आणि गुपचूप रॉ दाबा. त्यांना काय कळतंय?" तात्या माझ्यावर इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "शेहेचाळीस वर्षांत तिला एक रंग खोटा सांगितला नाही मी. आता सांगू?" मी मनातून शरमलो.

त्यानंतरच्या एका शनिवारी मी तिथेच होतो. ऊन आता खुर्चीच्या पाठीवर हातभर उरलं होतं. काकी पदराला हात पुसत बाहेर आल्या, समोरच्या टॉवरकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उद्यापासून ह्या ऊन येवचा नाय मा?"

"नाय येवचा," तात्या म्हणाले.

काकी खुर्चीत बसल्या. "मग काढा. रॉच काढा. पण पुरो करू नकात. कोरोच ठेवा. रंग नाय तर फ्रेम नाय."

तात्यांनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी काहीच जाहीर केलं नाही. एकच फोटो काढला आणि कॅमेरा खाली घेतला. काकी उठून आत गेल्या, कारण गॅसवर आमटी होती.

आता ते ऊन येत नाही. दुसरा टॉवर केव्हाच वर गेला. पण तात्यांचा संध्याकाळचा चहा त्या फोटोसाठी राखून ठेवलेला असतो. परवा मी शेजारी बसलो होतो. फाइल उघडता उघडता हळूहळू काकी दिसल्या, फिकट, करड्या, रंग न चढलेल्या. सरळ तात्यांकडे बघत होत्या. तात्यांनी छटा इकडेतिकडे सरकवायला सुरुवात केली. ऊन मधाचं झालं, केस रुपेरी झाले, आणि एका क्षणी कपाळावरच्या कुंकवाचा लाल असा काही जमला, की माझ्यासारख्या सोप्या चेहऱ्याच्या माणसालाही कळलं, हेच ते.

काकींनी चहाचा कप टेबलावर ठेवला आणि पडद्याकडे न बघता विचारलं, "झालो काय ओ माझो फोटो?"

"नाय गो," तात्या म्हणाले, "कुंकवाचो लाल जमणा नाय."

"नाय तर ऱ्हवांदे," म्हणत काकी समाधानाने आत गेल्या.

शेहेचाळीस वर्षांतला हा पहिला खोटा रंग. मी तात्यांकडे पाहिलं, पण ते माझ्याकडे बघेनात. चहा संपला. त्यांनी फोटो बंद करायला घेतला. केलेले बदल ठेवायचे का, असं कॉम्प्युटरने विचारलं. नेहमी इतका विचार करणाऱ्या तात्यांनी क्षणाचाही विचार न करता 'नाही'वर बोट दाबलं.